ॲनालॉग पॉकेट: नाव एफपीजीएचं, कमाल स्क्रीनची

सरळ मुद्द्यावर येतो. ॲनालॉग पॉकेट म्हणजे नव्याने बनवलेला गेम बॉय, फक्त तो निन्टेन्डोचा नाही, ॲनालॉग नावाच्या अमेरिकन कंपनीचा आहे. गेम बॉय, गेम बॉय कलर आणि गेम बॉय ॲडव्हान्स या तिन्हींची जुनी कार्ट्रिज, म्हणजे आपली कॅसेट हो, मागच्या स्लॉटमध्ये घातली की चालू. वस्तू भारी आहे यात वादच नाही. पण कोणी "घेऊ का?" विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुझ्याकडे कॅसेट आहेत का, आणि नसतील तर तू हे नक्की कशासाठी घेतोयस? कारण या मशीनबद्दल बोलणारा प्रत्येकजण एफपीजीए, एफपीजीए करत असतो (एफपीजीए म्हणजे आतली जोडणी पाहिजे तशी बदलता येणारी चिप, इम्युलेशन म्हणजे सॉफ्टवेअरने केलेली जुन्या मशीनची नक्कल, दोन्ही खाली सांगतो), "इम्युलेशन नाही, खरं हार्डवेअर आहे" वगैरे, आणि मला वापरून उलटंच वाटायला लागलंय. बहुतेकांसाठी यातलं एफपीजीए दुय्यम आहे. खरे पैसे वसूल होतात ते स्क्रीनवर.

गणित सांगतो. मूळ गेम बॉय १९८९ चा, स्क्रीनवर आडवे १६० आणि उभे १४४ पिक्सेल, आणि रंगाच्या नावाने हिरवटपणाच्या चार छटा, बास. पॉकेटची स्क्रीन साडेतीन इंची आणि तिच्यावर १६०० बाय १४४०. म्हणजे दोन्हीकडून बरोब्बर दहापट. हे योगायोगाने झालेलं नाही. जुना एक पिक्सेल दाखवायला यांच्या हातात शंभर बारीक पिक्सेल आहेत, मग त्या शंभरांत काय वाटेल ते करा, पिक्सेलमधल्या फटी दाखवा, कडा थोड्या मऊ करा, मागे पुसटशी सावली टाका. आणि त्यांनी ते केलंय. सेटिंगमध्ये डिस्प्ले मोड आहेत, एक पहिल्या गेम बॉयसारखा शेवाळी, एक नंतरच्या गेम बॉय पॉकेटसारखा राखाडी, एक गेम बॉय कलरच्या एलसीडीसारखा, एक ॲडव्हान्स एसपीच्या उजेडाच्या स्क्रीनसारखा. पहिला मोड लावून हात लांब धरून बघा, डोळ्याला फरक कळत नाही, फक्त आता अंधारात पण दिसतं आणि खिडकीकडे तोंड करून वाकडं बसावं लागत नाही.

हे नुसतं नखरा म्हणून केलंय असं समजू नका, कारण तेव्हाचे गेम बनवणारे लोक त्या वाईट स्क्रीनच्या वाईटपणाचा पण वापर करायचे. गेम बॉयची एलसीडी इतकी सुस्त होती की आधीचं चित्र पूर्ण जायच्या आत नवीन यायचं, मग एखादी गोष्ट अर्धपारदर्शक दाखवायची असेल तर ती एका फ्रेमला दाखवायची, पुढच्या फ्रेमला गायब करायची, स्क्रीन आपोआप दोन्ही मिसळून टाकायची. तोच गेम आजच्या चपळ स्क्रीनवर लावलात तर ती गोष्ट नुसती लुकलुकत राहते आणि माणूस म्हणतो गेममध्ये बग आहे. पॉकेटमध्ये फ्रेम ब्लेंडिंगचा पर्याय आहे, तो चालू केला की लुकलुक बंद. ॲडव्हान्सचं तर अजून मजेशीर. २००१ चा पहिला ॲडव्हान्स, त्याला स्क्रीनला लाइटच नव्हता, इतका अंधुक की कंपन्यांनी गेमचे रंगच मुद्दाम उजळ आणि फिके करून टाकले, म्हणजे त्या अंधारात निदान काहीतरी दिसेल. ते रंग आजच्या स्क्रीनवर जसेच्या तसे टाकले तर सगळं धुतल्यासारखं दिसतं. मोड बदलला की रंग जागेवर येतात आणि एकदम कळतं की अरे, चित्र काढणाऱ्याच्या मनात हे होतं.

एक मात्र आहे, ॲडव्हान्सच्या बाबतीत तो दहापटीचा हिशोब जुळत नाही. त्याची स्क्रीन २४० बाय १६०, ती १६०० मध्ये पूर्ण पटीत बसत नाही, साडेसहाच्या जरा वर काहीतरी येतं, आणि स्क्रीन जवळपास चौकोनी असल्यामुळे वर-खाली काळे पट्टे राहतात. पिक्सेल इतके बारीक आहेत की वाकडेपणा दिसत नाही, पण चित्र मात्र लहान. शिवाय ठेवण उभी, म्हणजे एल आणि आर बटणं पाठीमागे कॅसेटच्या दोन्ही बाजूंना. गाडीच्या रेसचे गेम असतील ना, ज्यात आर सतत दाबून धरायचं, तिथे मोठ्या हाताच्या माणसाची बोटं अवघडणार हे दिसतंच आहे. मुख्यतः ॲडव्हान्सच खेळणाऱ्याने हा मुद्दा हलक्यात घेऊ नये. हे मशीन मुळात गेम बॉय आणि कलरसाठी काढलेलं आहे, ॲडव्हान्स त्यात बसवलाय.

आता एफपीजीए. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण इथेच सगळ्यात जास्त थापा चालतात. इम्युलेटर म्हणजे एकपात्री प्रयोग. एकच नट, म्हणजे तुमच्या फोनचा किंवा कंप्युटरचा प्रोसेसर, तो आधी जुन्या मशीनच्या सीपीयूचं काम करतो, मग वळून चित्राच्या चिपचं, मग आवाजाचं, आणि इतक्या झपाट्याने टोप्या बदलतो की बघणाऱ्याला पूर्ण कंपनी स्टेजवर आहे असं वाटतं. एफपीजीए ही अशी चिप की तिच्या आतल्या हजारो लहान लहान लॉजिकच्या तुकड्यांची जोडणी तुम्हाला पाहिजे तशी करता येते, मग त्यात सीपीयू वेगळा उभा राहतो, चित्राची चिप वेगळी, आवाजाची वेगळी, आणि सगळे खरोखर एकाच वेळी काम करतात. इथपर्यंत बरोबर. पण संहिता कोणीतरी लिहिलेलीच असते ना! ती जोडणी, जिला कोअर म्हणतात, माणसंच लिहितात, जुन्या चिपचा अभ्यास करून, टेस्ट करून, कधी चिपचे वरचे थर काढून आत फोटो घेऊन. त्यात चूक राहिली तर ती चूक सगळे नट मिळून अगदी एकाच वेळी, अचूक टायमिंगने करणार. त्यामुळे "एफपीजीए आहे म्हणजे ओरिजिनलसारखंच" हे वाक्य जाहिरातीत शोभतं. चांगला इम्युलेटर वाईट कोअरपेक्षा केव्हाही चांगला.

आणि गेम बॉयच्या बाबतीत तर हा फरक अजूनच कमी होतो, कारण गेम बॉय हे इतकं पिंजून काढलेलं मशीन आहे, सीपीयू जेमतेम सव्वाचार मेगाहर्ट्झच्या आसपासचा, की सेमबॉयसारखे फुकटचे इम्युलेटर पण जवळपास सगळ्या कठीण टेस्ट पास होतात. ॲडव्हान्ससाठी एमजीबीए आहे. साधा फोन हे आरामात चालवतो. मग पॉकेटचं एफपीजीए कुठे कामी येतं? एक म्हणजे लॅग. बटण दाबल्यापासून स्क्रीनवर उडी दिसेपर्यंतचा वेळ. एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, फोनवर ब्लूटूथ कंट्रोलर, ऑपरेटिंग सिस्टिम, स्क्रीन या सगळ्यांचे टोल भरत भरत तीनचार फ्रेम कधी गेल्या कळत पण नाही, आणि ज्याच्या बोटांना जुना गेम पाठ आहे त्याला ते लगेच खटकतं, खड्ड्यात पडतो आणि म्हणतो मी तर दाबलं होतं. पॉकेटमध्ये ते होत नाही. पण न्यायाने बोलायचं तर रेट्रोआर्क नावाच्या इम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये २०१८ पासून रन-अहेड नावाची सोय आहे, तो गेमच्या स्वतःच्या आतला उशीर पण खाऊन टाकतो, म्हणजे ताकदवान कंप्युटर आणि चांगला मॉनिटर असला तर कधीकधी ओरिजिनलपेक्षा पण कमी लॅग. एफपीजीएवाल्यांना हे आवडत नाही ऐकायला.

दुसरं म्हणजे खऱ्या कॅसेटशी वागणं, आणि इथे मात्र मी पूर्णपणे पॉकेटच्या बाजूने. काही कॅसेटच्या आतच हार्डवेअर असायचं. १९९८ चा गेम बॉय कॅमेरा हा अख्खा कॅमेराच कॅसेटवर बसवलेला, किर्बीच्या एका गेममध्ये मशीन तिरकं केलं की बॉल घरंगळायचा कारण कॅसेटमध्ये सेन्सर, आणि बोक्ताई नावाच्या गेममध्ये तर सूर्यप्रकाश मोजणारा सेन्सर, व्हॅम्पायर मारायला खरंच उन्हात जायचं. असल्या गोष्टी फोनवर म्हणजे मेनूतल्या आकड्याने ऊन कमीजास्त करणं, त्यात काय मजा. पॉकेट कॅसेटशी थेट बोलतो, कॉपी करून घेऊन मग चालवत नाही. लिंक केबलचं जुन्या पद्धतीचं पोर्ट पण दिलंय, म्हणजे शेजारी खरा गेम बॉय असला तर दोघं जोडून खेळता येतं. गेम गिअर, लिंक्स, निओ जिओ पॉकेट या दुसऱ्या कंपन्यांच्या जुन्या हातातल्या मशीनच्या कॅसेटसाठी वेगळे अडॅप्टर आहेत. हे सगळं ज्याच्या कपाटात आहे त्याच्यासाठी पॉकेटला पर्याय शोधणं अवघड.

पण मग २०२२ मध्ये ओपनएफपीजीए आलं आणि सगळी गंमत झाली. मशीनमध्ये दोन एफपीजीए आहेत, त्यातला काही भाग बाहेरच्या लोकांना स्वतःचे कोअर लिहायला मोकळा करून दिला. कंपनीने दाखवायला काय ठेवलं, तर १९६२ चा स्पेसवॉर, पीडीपी-१ वरचा, म्हणजे एकदम सात्विक, इतिहास जपण्याची भाषा. आणि लोकांनी काय केलं? गेम बॉयचे असे कोअर टाकले की एसडी कार्डवरच्या फाइलवरून गेम चालू, मग निन्टेन्डोचे टीव्हीला जोडायचे एनईएस आणि सुपर एनईएस, सेगाचा मेगा ड्राइव्ह, जुने आर्केड बोर्ड, बरेचसे मिस्टर नावाच्या दुसऱ्या एफपीजीए प्रोजेक्टवरून आणलेले. म्हणजे ज्या मशीनची ओळखच कॅसेटचा स्लॉट होती त्या मशीनच्या किती मालकांनी स्लॉटमध्ये कधी काही घातलंच नसेल! वाईट म्हणत नाही मी याला, उलट पॉकेटचं आयुष्य यानेच वाढलं, एकट्या कंपनीने इतके कोअर जन्मात दिले नसते. फक्त एवढंच की एसडी कार्डवरून फाइल चालवायची ठरली की "मला खऱ्या कॅसेटचा अनुभव हवा" हा युक्तिवाद संपला, मग उरते ती स्क्रीन, बॉडी आणि चालू-बंद करण्यातला सुटसुटीतपणा. ते पुरेसं असेल तर बिनधास्त घ्या. मला पुरेसं वाटतं, पण निदान आपण कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं.

मिस्टरचं नाव निघालंच आहे तर, ज्याला एफपीजीएच पाहिजे, तत्त्व म्हणून, त्याने पॉकेट नाही, मिस्टर बघावा. हा लोकांनी चालवलेला प्रोजेक्ट, २०१७ पासूनचा, टेरासिक कंपनीच्या डीई१०-नॅनो नावाच्या शिकाऊ लोकांसाठीच्या बोर्डवर उभा केलेला, वर रॅमचा बोर्ड चढवायचा, आणि त्यातली चिप पॉकेटच्या दुपटीहून मोठी. त्यामुळे तिथे प्लेस्टेशन आणि सॅटर्न पण चालतात जे पॉकेटमध्ये मावतच नाहीत. जुन्या सीआरटी टीव्हीला पण जोडता येतो. पण तो भेट म्हणून द्यायचा प्रकार नाही. स्क्रिप्ट, अपडेट, फोल्डर, कुठला कंट्रोलर कुठल्या मोडमध्ये, ज्याला हे सगळं करण्यातच मजा येते त्याच्यासाठी स्वर्ग आणि ज्याला ऑफिसमधून आल्यावर अर्धा तास खेळायचंय त्याच्यासाठी अजून एक ऑफिस.

आणि बहुसंख्य लोक या दुसऱ्या प्रकारात असतात, हे निन्टेन्डोला बरोबर कळलं होतं. एनईएस क्लासिक, नोव्हेंबर २०१६, हातात मावेल एवढा डबा, आत ३० गेम, कॅसेट नाही, काही नाही, आत साधं इम्युलेशन, कंट्रोलरची वायर इतकी आखूड की टीव्हीसमोर पोरासारखं जमिनीवर बसावं लागतं, आणि तरी २०१७ च्या एप्रिलपर्यंत २३ लाख विकले गेले आणि मग बंदच करून टाकला. लोक ओरडले, २०१८ मध्ये परत आणला. इथे कोणी विचारलं का आत एफपीजीए आहे का? ज्यांनी घेतला त्यांना शोकेसमध्ये ठेवण्यासारखी एक छान वस्तू पाहिजे होती आणि पाहुणे आले की दोन गेम. त्याआधी २०१७ मध्येच सुपर एनईएस क्लासिक आला होता, २१ गेम, त्यात स्टार फॉक्स २, जो नव्वदच्या दशकात बनून तयार होता पण तेव्हा काढलाच नाही. कल्पना बघा, रेट्रो मशीनवर कधीच न आलेला गेम पहिल्यांदा. याला म्हणतात गिऱ्हाइकाची नस माहीत असणं.

उलट उदाहरण सोनीचं. प्लेस्टेशन क्लासिक, डिसेंबर २०१८, बॉडी एक नंबर, आणि आत २० पैकी ९ गेम युरोपच्या ५० हर्ट्झच्या आवृत्तीचे, म्हणजे मूळ वेगापेक्षा हळू. कंट्रोलरला ॲनालॉग स्टिक नाहीत. आत ओपन सोर्स इम्युलेटर, त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, तो इम्युलेटर चांगला आहे, पण त्याला चारा काय घालायचा हे ठरवणाऱ्याला गेमशी काही देणंघेणं नव्हतं. काही महिन्यांत किंमत निम्म्याच्या खाली. म्हणून मी म्हणतो, आत चिप कुठली आहे त्यापेक्षा बनवणाऱ्याला काय काय खटकतं ते बघा. अटारी २६००+ घ्या, २०२३ चा, आत स्टेला नावाचा इम्युलेटरच आहे, पण जुन्या कॅसेट घेतो, जॉयस्टिक तशीच, पुढची स्विचं खरोखर दाबता येतात, आणि ज्या पिढीसाठी काढलाय ती पिढी खूष. तिथे एफपीजीए घालून काय वेगळं झालं असतं?

पॉकेटच्या जवळचा खरा स्पर्धक म्हणजे मॉडरेट्रो क्रोमॅटिक, २०२४ च्या शेवटी आला, आणि तो मला विचार म्हणून जास्त आवडतो. पॉकेटवाल्यांनी दहापट पिक्सेल घेऊन जुन्या स्क्रीनची नक्कल केली, यांनी नवीन स्क्रीनच १६० बाय १४४ ची बनवून घेतली. नक्कल करायची गरजच नाही, पिक्सेल तेवढेच. पेन्सिल सेल, धातूची बॉडी, फक्त गेम बॉय आणि कलर. ॲडव्हान्स नाही, ओपनएफपीजीए नाही. हट्टी मशीन आहे. पण एकच मशीन घ्यायचं तर माझं मत तरी पॉकेटलाच, कारण ॲडव्हान्स सोडवत नाही, आणि दुसऱ्या कन्सोलचे कोअर एकदा वापरले की मागे जाता येत नाही.

मिळण्याबद्दल बोललंच पाहिजे. पॉकेटची पहिली ऑर्डर ऑगस्ट २०२० मध्ये उघडली, काही मिनिटांत संपली, आणि तारखा पुढे सरकत सरकत वस्तू जायला सुरुवात झाली डिसेंबर २०२१ मध्ये. नंतरच्यांना अजून थांबावं लागलं. त्यात मग अंधारात चमकणारा, पारदर्शक रंगांचा, असे मर्यादित प्रकार, तेही लगेच संपणारे. निन्टेन्डो ६४ च्या कॅसेट चालवणारा यांचा ॲनालॉग ३डी २०२३ मध्ये जाहीर झाला आणि तारखा पुढे ढकलत ढकलत २०२५ च्या शेवटी आला. म्हणजे ही कंपनीची पद्धतच आहे, थोडा माल, मोठी रांग. कोणी म्हणेल लहान कंपनी आहे, चिपचा तुटवडा होता, ते पण खरंच आहे. पण संपलेला माल दुप्पट भावाने विकणाऱ्यांकडून घेऊ नका एवढं माझं ऐका, दुप्पट किमतीला ही वस्तू वर्थ नाही, अजिबात नाही. तेवढ्यात जुना गेम बॉय घेऊन त्याला आयपीएस, म्हणजे आजच्या पद्धतीच्या उजळ स्क्रीनचं किट बसवून मिळतं आणि वर पैसे उरतात, फक्त कोणीतरी नीट सोल्डर करणारा पाहिजे.

टीव्हीवर खेळायचं असेल तर डॉक, म्हणजे मशीन बसवून टीव्हीला जोडायचा स्टँड, वेगळा घ्यावा लागतो. त्याला एचडीएमआय, वायरलेस कंट्रोलर सगळं जोडता येतं, पण आधी मशीन हातात घेऊन महिनाभर वापरा आणि मग ठरवा, कारण जी स्क्रीन या मशीनचं मुख्य आकर्षण आहे ती डॉकमध्ये बसवली की बघायलाच मिळत नाही, आणि ५५ इंची टीव्हीवर १६० पिक्सेलचा गेम म्हणजे एकेक वीट दिसते.

कॅसेट विकत घेणार असाल तर बनावट मालाचा सुळसुळाट आहे, विशेषतः पोकेमॉनचे. लेबल चकचकीत, प्लॅस्टिकचा रंग किंचित वेगळा, आणि ॲडव्हान्सच्या बनावट कॅसेटमध्ये तर सेव्ह टिकेलच याची खात्री नाही. अस्सल असली तरी गेम बॉयच्या बऱ्याच कॅसेटमध्ये सेव्ह धरून ठेवायला गोल बॅटरी असते, ती आता मरायच्या वयाची झालीय, पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये घड्याळ पण त्याच बॅटरीवर चालतं म्हणून ती आधीच गेलेली असते. बॅटरी बदलली की सेव्ह पुसला जातो, तेव्हा आधी बॅकअप. आणि नवीन आलेली कॅसेट थेट स्लॉटमध्ये खुपसू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचा बोळा घेऊन कॉन्टॅक्ट पुसा, काळं निघेल, ते निघेपर्यंत पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच घाला.